इमारतीतला फ्रान्स ओळखायचा कसा? दुसरबीडच्या कवेलूपासून कोलंबियाच्या घुमटापर्यंत

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघाले की वाटेत दुसरबीड लागते. या गावात फ्रेंच वास्तुकला शोधायला कुणी येणार नाही. पण गावातल्या जुन्या शाळेच्या छपरावर, बौद्ध वस्तीतल्या घरकुलाच्या स्लॅबमध्ये आणि जवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या पुलांमध्ये फ्रान्सचा वाटा आहे, असे म्हटले तर ऐकणारा हसेल. हसू द्या. या लेखात आम्ही तेच दाखवणार आहोत.

हा विषय आत्ताच का घेतला, तेही सांगतो. आपली मुले आता शिकायला आणि फिरायला देशाबाहेर जाऊ लागली आहेत. कुणी व्हिएतनाम, थायलंडला जातो, कुणी न्यूयॉर्कला बाबासाहेबांचे विद्यापीठ पाहून येतो. फोटो येतात, खाली लिहिलेले असते, 'काय जबरदस्त बिल्डिंग आहे'. कोणी बांधली, कुणाच्या नकलेवर बांधली, त्या जागी आधी काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. दुसरीकडे गावोगावी नवे विहार उभे राहत आहेत आणि त्यांची 'डिझाइन' मोबाइलवरच्या फोटोतून उचलली जात आहे. वर्गणी आपली, घाम आपला. मग आकार कुणाचा, हे आपल्याला कळायला नको का?

सुरुवात मुंबईपासून करू. फोर्टमध्ये ओव्हल मैदानासमोर मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आहे. ते १८७४ मध्ये पूर्ण झाले. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा. हा माणूस भारतात एकदाही आला नाही. त्याने लंडनमध्ये बसून नकाशे काढले. राज्य इंग्रजांचे, वास्तुविशारद इंग्रज, देणगी पारशी शेटजी कावसजी जहांगीर यांची, आणि शैली मात्र पंधराव्या शतकातल्या फ्रान्सची. शेजारचा राजाबाई टॉवर १८७८ चा. या दोन इमारती शेजारी शेजारी उभे राहून पाहाव्यात असे आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगू.

तिथे काय पाहायचे? समोरच्या भिंतीत उंचावर एक मोठी गोल खिडकी आहे. तिच्यात रंगीत काचा आहेत आणि कडेने बारा राशींची चित्रे आहेत. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये अशाच भव्य गोल खिडक्या आहेत. मग भिंतीला बाहेरून टेकलेले दगडी धिरे पाहा. उंच भिंत आणि जड छत बाहेरच्या बाजूला रेटा देते, तो रेटा हे धिरे पेलतात. त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते आणि तिच्यात मोठ्या खिडक्या काढता येतात. गॉथिक शैलीचे मर्म इतकेच आहे: वजन भिंतीवरून काढून ठरावीक जागी न्यायचे आणि मोकळ्या झालेल्या भिंतीतून उजेड आत घ्यायचा. ही पद्धत पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील मठाच्या चर्चमध्ये ११४० ते ११४४ या काळात आकाराला आली, असे मानले जाते. तिथून ती युरोपभर पसरली, इंग्लंडला गेली आणि सातशे वर्षांनी इंग्रजांच्या जहाजातून मुंबईला उतरली.

इथे एक सावधगिरी. गॉथिक म्हणजे टोकदार कमान, असे पुस्तकात वाचून पुष्कळजण कुठेही टोकदार कमान दिसली की युरोपचे नाव घेतात. दख्खनमध्ये सुलतानी काळापासून टोकदार कमान सर्रास आहे. औरंगाबाद, जालना, सिंदखेडराजा या पट्ट्यात ती जागोजाग दिसेल आणि तिचा फ्रान्सशी संबंध नाही. फ्रेंच माणसे या पट्ट्यात आली नव्हती असेही नाही. निजाम सलाबतजंगाला घेऊन बुसी हा फ्रेंच सेनानी १७५१ मध्ये औरंगाबादेत आला होता. पण तो तोफा आणि कवायती फौज घेऊन आला, गवंडी घेऊन नाही. माणसे येणे आणि शैली येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. कमान, धिरे, गोल खिडकी, आतल्या छताच्या दगडी फासळ्या असे सगळे एकत्र दिसले आणि बांधणाऱ्याचा इतिहासही जुळला, तरच बोलायचे.

दुसरी सावधगिरी आपल्याच माणसांसाठी आहे. कार्ले, भाजे किंवा अजिंठ्याची १९ आणि २६ क्रमांकाची लेणी पाहा. दर्शनी भागावर घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी चैत्य-खिडकी, तिच्यातून आत स्तूपाकडे जाणारा उजेड, दोन बाजूंना खांबांच्या रांगा, मध्ये लांब मोकळी जागा, टोकाला अर्धगोल. युरोपातल्या चर्चचा आराखडाही जवळपास असाच. लगेच समाजमाध्यमांवर फिरते की 'चर्च हे बौद्ध लेण्यांची नक्कल आहे'. लेणी आधीची आहेत, यात शंका नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सँ-दनीच्या चर्चपेक्षा हजार वर्षांहून अधिक जुने आहे. पण आधीचे असणे म्हणजे मूळ असणे नव्हे. लोकांना एकत्र बसायचे आहे, एका पूज्य गोष्टीकडे तोंड करायचे आहे, तिच्याभोवती फिरायचे आहे. गरज सारखी असली की दोन देशांतले कारागीर एकमेकांना न भेटताही सारख्या उत्तरावर पोहोचतात. साम्य हा पुरावा नाही. पुराव्याशिवाय दावा केला की आपली खरी बाजूही लोक हसण्यावारी नेतात.

हाच मुद्दा बाबासाहेबांनी एका फार मोठ्या बाबतीत सांगितला होता. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत मांडले, आणि हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, ते बुद्धाच्या शिकवणीतून घेतले आहेत, असे स्पष्ट केले. शब्द सारखे म्हणून उगम सारखा मानायचा नाही. बाबासाहेबांनी उगम सांगितला तो स्वतःच्या विचारांचा, स्वतःच्या अभ्यासाच्या आधारावर. त्याच शिस्तीने आपण दगड-विटांकडे पाहायला हरकत नाही.

आणि बाबासाहेब स्वतः कोणत्या इमारतीत बसून शिकले? मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवून ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाचे तेव्हाचे मुख्य ग्रंथालय म्हणजे लो मेमोरियल लायब्ररी. १८९५ ते १८९७ या काळात बांधलेली ही इमारत चार्ल्स मॅककिम याच्या आराखड्यावर उभी राहिली. समोर रुंद पायऱ्या, त्यावर उंच खांबांची रांग, वर मोठा घुमट. घुमट आणि खांब रोमच्या पँथिऑन या मंदिराच्या धर्तीवरचे आहेत. मग यात फ्रान्स कुठे आला?

फ्रान्स आहे तो शिक्षणात. मॅककिम पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत १८६७ ते १८७० अशी तीन वर्षे शिकला होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले होतकरू वास्तुविशारद याच शाळेकडे धाव घेत. तिथे शिकवण अशी की ग्रीक-रोमन रूपे घ्या, पण मांडणी अक्षावर करा. एक सरळ मध्यरेषा धरायची, तिच्या दोन्ही बाजूंना इमारती समतोल ठेवायच्या, माणसाला पायऱ्यांवरून चढवत चढवत मुख्य दालनापर्यंत न्यायचे. कोलंबियाचा सगळा परिसर असा आखलेला आहे. एकटा घुमट पाहाल तर रोम दिसेल, मैदानाच्या मधोमध उभे राहून चारी बाजू पाहाल तर पॅरिस दिसेल. न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय १९११ मध्ये सुरू झाले आणि ग्रँड सेंट्रल हे रेल्वे स्थानक १९१३ मध्येच, म्हणजे बाबासाहेब तिथे पोहोचले त्याच वर्षी. या दोन्हींच्या मागेही याच शाळेत शिकलेले वास्तुविशारद होते. लष्करातल्या सुभेदाराचा मुलगा ज्या शहरात पहिल्यांदा कुणी जात न विचारता वावरला, त्या शहराने त्या काळात असा फ्रेंच वेश अंगावर चढवलेला होता.

लो लायब्ररीच्या पायऱ्यांवर 'आल्मा माटर' नावाचा पुतळा आहे. आपली मुले तिथे हटकून फोटो काढतात. त्याचा शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच. आडनाव फ्रेंच, माणूस अस्सल अमेरिकी! नावावरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

रस्त्यांच्या आखणीतही ही मध्यरेषा दिसते. वॉशिंग्टन शहराचा आराखडा १७९१ मध्ये पिएर लाँफाँ या फ्रेंच माणसाने केला. लांब सरळ रुंद रस्ता, टोकाला सत्तेची इमारत. दिल्लीत इंडिया गेटपासून राष्ट्रपती भवनाकडे पाहिले की तोच डाव ओळखू येतो. गंमत म्हणजे त्या फ्रेंच वळणाच्या रस्त्याच्या टोकाला जो घुमट आहे, तो ल्युटेन्सने सांचीच्या स्तूपाच्या आकारावरून घेतला. कठड्याची नक्षीही सांचीच्या वेदिकेची. राज्य इंग्रजांचे, रस्ता फ्रेंच वळणाचा आणि माथा बौद्ध. एका इमारतीला एकच बाप असतो हा समज इथे गळून पडतो.

आता पूर्वेकडे जाऊ. इथे विषय शैलीपुरता राहत नाही. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया हे बौद्ध परंपरेचे देश फ्रान्सच्या ताब्यात होते. हनोईला जाणारा प्रत्येक पर्यटक तिथल्या सेंट जोसेफ कॅथेड्रलसमोर फोटो काढतो. दोन चौकोनी मनोरे, मध्ये गोल खिडकी, टोकदार कमानी. नोत्र दामची आठवण व्हावी असेच ते बांधले आहे. १८८६ मध्ये ते खुले झाले. त्याच जागी त्याआधी बाओ थिएन नावाचा विहार होता. अकराव्या शतकात, ली राजवटीत उभारलेला. तो पाडून तिथे हे चर्च बांधले गेले. फोटोत गोल खिडकी येते, पाडलेला विहार येत नाही. इमारत वाचायला शिकायचे म्हणजे शैली ओळखायची आणि मग विचारायचे की या जमिनीवर आधी कोण होते. हा प्रश्न आपल्याला नवा नाही, आपल्याच देशातल्या कितीतरी लेण्यांपुढे आणि टेकड्यांपुढे उभे राहून आपण तो विचारत आलो आहोत.

लाओसने दिलेले उत्तर मात्र आम्हाला फार आवडते. राजधानी व्हिएन्टिनमध्ये पातुसाई नावाची विजयकमान आहे, बांधकाम १९५७ ते १९६८. लांबून पाहिली तर थेट पॅरिसची आर्क द त्रियाँफ. जवळ गेलात की कमानीखाली किन्नरी दिसतात, वर लाओसच्या विहारांसारखी शिखरे दिसतात. फ्रेंचांपासून सुटका मिळवण्यासाठी लढलेल्यांच्या स्मरणार्थ ही कमान बांधली, आणि आकार फ्रेंचांचाच घेतला. काहींना यात गुलामी दिसेल. आम्हाला दिसत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घेतले आणि आपली खूण वर ठेवली.

पॅरिसमध्ये याच्या उलट घडले आहे. १९३१ मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींचे मोठे प्रदर्शन व्हँसेनच्या जंगलात भरवले. त्यातल्या कॅमेरून आणि टोगो या आफ्रिकी वसाहतींसाठी बांधलेल्या मोठ्या झोपडीवजा दालनात १९७७ पासून बौद्ध विहार आहे.

आता परत दुसरबीडला येऊ, कारण खरी गोष्ट इथे आहे.

आपल्याकडे जुन्या शाळा, चावड्या, स्टेशने, विश्रामगृहे यांच्यावर सपाट, खाचा असलेली, एकमेकांत अडकणारी लाल कौले असतात. मंगलोरी कौले. कुंभाराने चाकावर केलेले गोलसर गावठी कवेलू वेगळे, ते नुसते एकावर एक ठेवतात, माकडे उडी मारली की सरकतात. अडकणाऱ्या कौलाचे पेटंट १८४१ मध्ये फ्रान्सच्या आल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी घेतले. पुढे मार्सेलच्या कारखान्यांनी अशी कौले जगभर पाठवली. मंगळूरला बाझल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्या धर्तीचे कौल 'मंगलोरी' नावाने घरोघरी पोहोचले. बाझल हे स्वित्झर्लंडचे शहर आल्सासच्या सीमेलगत आहे. म्हणजे नाव कर्नाटकातले, कारखाना स्विस-जर्मन मिशनऱ्यांचा, आणि खाच मूळ फ्रान्सची.

पण कौल हा आपल्यासाठी केवळ छपराचा प्रकार नव्हता. खेड्यात अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांविषयी लिहिताना बाबासाहेबांनी नोंदवले आहे की कौलारू घर बांधणे हादेखील अस्पृश्याचा अपराध मानला जाई. फ्रान्समधला शोध मंगळूरपर्यंत आला, मंगळूरहून रेल्वेने आणि बैलगाडीने आतल्या खेड्यांत आला, आणि गावाच्या वेशीशी आल्यावर त्याला सांगितले गेले की पलीकडच्या वस्तीत जायचे नाही. समुद्र ओलांडणे सोपे होते, वेस ओलांडणे अवघड. वास्तुकलेची पुस्तके शैली कुठून कुठे पसरली याचे नकाशे काढतात. ती कुठे अडवली गेली याचा नकाशा आपल्यालाच काढावा लागेल. आपल्या वस्तीतल्या वयस्कर माणसांना विचारा: पहिले कौल कुणाच्या घरावर चढले, त्या दिवशी गावात काय झाले, पहिला स्लॅब कधी पडला. हे लिहून ठेवणारे कुणी नाही.

स्लॅबचीही कथा तशीच. सिमेंट इंग्लंडचे, पण त्यात लोखंड घालून ताण सोसायला लावण्याचे बरेचसे काम फ्रान्समध्ये झाले. फ्रान्स्वा क्वान्ये याने १८५३ मध्ये सँ-दनी येथे काँक्रीटचे घर बांधले. होय, तेच सँ-दनी, जिथे गॉथिक जन्मले. जोसेफ मोनिए हा माळी होता. त्याच्या कुंड्या फुटायच्या, म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये पेटंट घेतले. १८९२ मध्ये फ्रान्स्वा एनबिक याने कॉलम, बीम आणि स्लॅब एकसंध ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज रमाई आवास योजनेतले घर बांधताना गवंडी ज्या रीतीने कॉलमच्या सळया बीममध्ये आणि बीमच्या स्लॅबमध्ये वाकवून अडकवतो, ती रीत त्या घराण्यातली. समृद्धी महामार्गावरच्या मोठ्या पुलांमध्ये पोलादी तारा आधी ताणून काँक्रीटला दाबात ठेवलेले असते. ती युक्ती युजेन फ्रेसिने याची, पेटंट १९२८ चे.

काँक्रीटला चेहरा दिला तो ल कार्बुझिएने. जन्माने स्विस, १९३० पासून फ्रेंच नागरिक. १९५१ पासून त्याने चंदीगड उभारले. खिडकीच्या पुढे काँक्रीटच्या उभ्या-आडव्या खोल फळ्या लावायच्या म्हणजे भर उन्हात भिंत सावलीत राहते, हे त्याचे ठळक लक्षण. चंदीगडनंतर ते सरकारी इमारतींत देशभर पसरले. तुमच्या तालुक्यातली एखादी जुनी सरकारी कचेरी किंवा महाविद्यालय नीट पाहा, सापडेल. गिलावा उडालेला असेल, कबुतरे बसलेली असतील, पण दुपारी दोन वाजता त्या खोलीत शिरून पाहा आणि नंतर शेजारच्या नव्या काचेच्या इमारतीत शिरून पाहा.

आता आपल्या विहारांबद्दल स्पष्ट बोलतो. आजकाल 'एलिव्हेशन'च्या नावाखाली पीओपीचे रोमन खांब, डमरूसारख्या सिमेंटच्या कांड्यांचा कठडा, दर्शनी भागावर निळी काच, आणि वर पत्र्याचा किंवा फायबरचा छोटा स्तूप, असा एक ठोकळा सगळीकडे दिसू लागला आहे. मंगल कार्यालयाचाही तोच, विहाराचाही तोच. पॅलेसची नक्कल आणि तीही तिसऱ्या हातची. परक्याकडून घेतले याला आमचा आक्षेप नाही. बुद्धमूर्तीच्या वस्त्राच्या चुण्यांतही गांधारच्या कारागिरांनी ग्रीक वळण आणलेच होते. आक्षेप आहे तो न कळता घेण्याला.

नागपूरची दीक्षाभूमी याचे चांगले उदाहरण आहे. वास्तुविशारद शिवदानमल यांनी आकार सांचीचा घेतला, पण सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा पोकळ, १२० फूट व्यासाचा. कारण इथे लोकांनी आत यायचे होते. गोराईच्या विपश्यना पॅगोड्याचे बाह्यरूप म्यानमारचे, पण घुमट दगड एकमेकांत अडकवून उभा केला आहे आणि आत एकही खांब नाही, कारण हजारो साधकांना एकत्र बसायचे होते. दोन्ही ठिकाणी आधी गरज ठरली, मग आकार.

बुलडाणा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. उघड्या स्लॅबखाली वंदनेला बसलेली म्हातारी माणसे पंखा बंद पडला की उठून बाहेर जातात. तेव्हा विहाराचा नकाशा समोर आला की इंजिनीअरला विचारायचे काही प्रश्न आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन अडवायला काय लावले आहे? उजेड मूर्तीवर कुठून पडणार, अजिंठ्यासारखा समोरून की नुसता ट्यूबलाइटचा? स्लॅबवर कौल किंवा चिनीमातीच्या तुकड्यांचा थर बसेल का? समोरच्या रोमन खांबांवर खरेच वजन आहे का, आणि नसेल तर त्यांचा खर्च काढून त्यात ग्रंथालयाची एक खोली निघते का? हिशेब कागदावर मांडायला लावा, आणि वस्तीची सभा घेऊन सगळ्यांसमोर वाचा.